फौजीचे पेन्शन हा आपलाही प्रश्न

'फौजींना वन रँक वन पेन्शन मिळाले, आपल्या पदरात काय पडले?' हा सवाल फलाटावर आणि टपालाच्या सॉर्टिंग टेबलावर हमखास ऐकू येतो. सवालामागची चीड खरी आहे, पण तिचा रोख चुकला आहे.

आपण ६० वर्षांपर्यंत नोकरी करतो. जवान १५ वर्षांच्या सेवेनंतर पेन्शनला पात्र ठरतो आणि बहुतेकदा चाळिशीच्या आसपास घरी येतो. तेव्हा त्याची मुले शाळेत असतात. पुढच्या वेतनवाढी त्याच्या वाट्याला येत नाहीत. म्हणून समान हुद्दा आणि समान सेवा असेल तर पेन्शनही समान, ही त्याची मागणी रास्त होती. त्यासाठी जून २०१५ पासून माजी सैनिक जंतरमंतरवर बसले. ५ सप्टेंबर २०१५ रोजी संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांनी घोषणा केली आणि १ जुलै २०१४ पासून योजना लागू झाली. मात्र फेरनिश्चिती दर ५ वर्षांनी ठेवली. २०१९ची फेरनिश्चिती रखडली. मार्च २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती करण्यास सांगितले आणि मंजुरी डिसेंबर २०२२ मध्ये मिळाली. मिळालेला हक्कही राखावा लागतो, तो असा.

बंधू-भगिनींनो, ज्या निकालाच्या आधाराने आपण पेन्शनला हक्क म्हणतो, तो नकारा खटल्याचा निकाल १७ डिसेंबर १९८२ चा. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ठणकावून सांगितले की पेन्शन ही सरकारची मेहेरबानी नव्हे. केवळ निवृत्तीच्या तारखेवरून पेन्शनरांत केलेला भेद न्यायालयाने रद्द केला. त्याचा लाभ मुलकी आणि लष्करी, दोन्ही पेन्शनरांना झाला. लढाई एकच होती.

ती तोडली गेली १ जानेवारी २००४ पासून. नव्या भरतीतील केंद्रीय कर्मचाऱ्यांवर नवी पेन्शन योजना लादली, सैन्यदले वगळली. 'त्यांचे तरी वाचले' असे तेव्हा वाटले. मग १४ जून २०२२ रोजी अग्निपथ आली. नोकरी ४ वर्षांची. कायम होणार जास्तीत जास्त २५ टक्के. बाकीच्यांना सुमारे ११.७१ लाखांचा सेवानिधी, त्यातही निम्मा वाटा स्वतःच्या पगारातून कापलेला. ग्रॅच्युइटी नाही, पेन्शन नाही. पेन्शनच्या नियमाला हात न लावता पेन्शनपात्र नोकरीच आखूड केली. ही तऱ्हा आपल्या ओळखीची आहे. रेल्वेतला कंत्राटी कामगार आणि खेड्यातला ग्रामीण डाक सेवक ती रोज भोगतो.

सैन्य तरुण हवे, पेन्शनचा बोजा वाढतो, असे सरकार म्हणते. सैन्य तरुण जरूर असावे. पण त्याची किंमत एकट्या जवानाने का मोजावी? आपल्याच खात्यात येणारा माजी सैनिक पाहा. दुसऱ्या नोकरीत तो नव्या योजनेखाली येतो. १ एप्रिल २०२५ पासून युनिफाइड पेन्शनचा पर्याय आला, पण त्यात पूर्ण ५० टक्क्यांसाठी २५ वर्षांची सेवा लागते. चाळिशीत रुजू झालेल्याची ६० पर्यंत २० वर्षेच भरतात. म्हणजे या नोकरीचे पूर्ण पेन्शन त्याला कधीच मिळणार नाही. सैन्यातली वर्षे या अटीसाठी धरली पाहिजेत, अग्निवीराची ४ वर्षेसुद्धा.

सैनिकाला संघटना करता येत नाही. घटनेच्या ३३ व्या कलमाने संसदेला त्याचे मूलभूत हक्क मर्यादित करण्याचा अधिकार दिला आहे आणि लष्करी कायद्याने संघटनेवर निर्बंध घातले आहेत. आपल्याला मात्र तो हक्क आहे. ज्याला बोलता येत नाही त्याच्यासाठी बोलणे हे संघटनेचे पहिले काम.

तेव्हा पुढच्या शाखा सभेत जुन्या पेन्शनच्या ठरावात माजी सैनिक आणि अग्निवीरांची मागणीही घाला. आज त्यांची नोकरी चार वर्षांची झाली आहे. गप्प बसलो तर उद्या आपल्याही भरतीच्या जाहिरातीत तोच आकडा दिसेल.