संकटातील ऐक्य आणि त्यानंतरची कसोटी

राष्ट्रावर आपत्ती कोसळली की राष्ट्र एक होते, हे विधान आपण इतक्या वेळा ऐकतो की ते तपासून पाहण्याची गरज कोणाला वाटत नाही. वस्तुतः त्यातील अर्धाच भाग खरा आहे. आपत्तीमुळे माणसे जवळ येतात. परंतु ती जवळ राहतील की नाही, हे नंतरच्या व्यवहारावर अवलंबून असते. महाराष्ट्राला हा धडा 1993 साली मिळाला.

त्या वर्षाच्या आरंभी, जानेवारीत, मुंबई दंगलींत होरपळली. 12 मार्चच्या बाँबस्फोटांत अडीचशेहून अधिक माणसे बळी पडली. शेजाऱ्याने शेजाऱ्याकडे संशयाने पाहावे, असे ते दिवस होते. त्याच वर्षी 30 सप्टेंबरच्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी, गणेशविसर्जन आटोपून गावे निद्राधीन झाली असताना, लातूर व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांतील भूमी हादरली. किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावे क्षणार्धात ढिगारे बनली. दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदाचा भार झोपलेल्यांच्या अंगावर आला. मृतांची संख्या 8 ते 10 हजारांच्या दरम्यान सांगितली जाते.

मी तेव्हा शाळेत होतो. वर्गावर्गांतून धान्य गोळा झाले. ज्याच्या घरी दोन्ही वेळा चूल पेटण्याची शाश्वती नव्हती, असा एक वर्गमित्र ज्वारीची पुरचुंडी घेऊन आला. गुरुजींनी ती हळूच परत देऊ केली. त्याने ती घेतली नाही. देशाच्या कानाकोपऱ्यांतून मदत येत होती आणि ती पाठविणाऱ्यांनी मृतांची जात वा धर्म विचारला नव्हता. दुभंगलेल्या त्या वर्षात हे घडले, याचे मोल कमी लेखता येणार नाही.

परंतु मदतीचा ओघ स्वभावतः ओसरणारा असतो. त्यानंतर उरते ते पुनर्वसन, आणि तेथे प्रश्न भावनेचा नसून वाटपाचा असतो. जागतिक बँकेच्या साहाय्याने राबविलेल्या कार्यक्रमात 52 गावे नव्या जागी वसविण्यात आली. तेथे घराचा आकार कुटुंबाच्या जमीनधारणेवरून ठरला : भूमिहीन व अल्पभूधारकांना 250 चौरस फूट, मध्यम शेतकऱ्यांना 400 आणि मोठ्या शेतकऱ्यांना 750. शेतकऱ्याला धान्य, अवजारे व गुरे यांसाठी जागा लागते, हा यामागील युक्तिवाद अगदीच निराधार नव्हता. तथापि, भूकंपाने मालक आणि मजूर यांना एकाच ढिगाऱ्याखाली गाडले होते. पुनर्वसनाने त्यांना पुन्हा आपापल्या पायरीवर नेऊन बसविले, हे विसरता येत नाही.

याच कार्यक्रमाची दुसरी बाजू मात्र आशादायक होती. जी घरे पडली नव्हती, पण खिळखिळी झाली होती, अशा सुमारे 2 लाख घरांची दुरुस्ती व मजबुतीकरण शासकीय अनुदानातून घरमालकांनीच करून घ्यावयाचे होते. गावोगावच्या महिलांनी ‘संवाद सहाय्यक’ म्हणून अनुदानाची माहिती घरोघरी पोहोचविली आणि बांधकामावर लक्ष ठेवले. 2001 साली कच्छमध्ये भूकंप झाला, तेव्हा मराठवाड्यातील यांपैकी काही महिला आपला अनुभव सांगण्यासाठी गुजरातेत गेल्या. भाषा वेगळी, प्रांत वेगळा. पण मोडलेले घर कसे उभे करावयाचे, हे त्यांना ठाऊक होते. राष्ट्रीय ऐक्य म्हणतात ते यापेक्षा वेगळे काय असते?

आपत्तीच्या वेळी सर्वांना विचारीत बसण्यास सवड नसते, असा आक्षेप घेतला जाईल. पहिल्या पंधरवड्यापुरता तो मान्य करावा. परंतु ज्या घरात तीन पिढ्या नांदावयाच्या आहेत, ते बांधण्यापूर्वी त्यात राहणाऱ्यांना विचारण्याइतकीही सवड नसेल, तर उणीव वेळेची नसून वृत्तीची आहे. आपद्‌ग्रस्ताला केवळ याचक मानले, की देणारा आणि घेणारा अशा दोन जाती नव्याने निर्माण होतात, आणि त्यांच्यात ऐक्य नांदत नाही.

म्हणून यापुढे कोठेही आपत्ती ओढवली, तर किती निधी जमला एवढेच विचारून आपण थांबू नये. त्या निधीचे काय करावयाचे, हे ठरविताना आपद्‌ग्रस्त उपस्थित होते काय, हेही विचारावे. माझ्या त्या वर्गमित्राने ज्वारी परत घेतली नाही, कारण देणाऱ्यांच्या रांगेतील आपली जागा त्याला सोडावयाची नव्हती. ती जागा सर्वांसाठी मोकळी ठेवणे, हीच ऐक्याची खरी कसोटी होय.