महोत्सवाचा पैसा मांडवात की रंगमंचावर?

जानेवारी 2024 मध्ये शंभराव्या मराठी नाट्य संमेलनाचा विभागीय सोहळा सोलापुरात झाला. शासनाचे पाठबळ, नाट्य परिषदेची यंत्रणा आणि गावातल्या हौशी मंडळींची धावपळ असा तो तिघांचा संसार होता. संमेलनाध्यक्ष जब्बार पटेल हे याच शहरातल्या हरिभाई देवकरण प्रशालेचे विद्यार्थी. शासन आणि समाज एकत्र आले की उत्सव होतो, याबद्दल वाद नाही. वाद आहे तो कोणी काय करावे याचा. शासनाने जागा, सोयी आणि सातत्य द्यावे, कार्यक्रम मात्र संस्थांनी ठरवावा. सध्या बरेचदा उलटे घडते: पैसा चार दिवसांच्या मांडवात, कमानींत आणि पाहुण्यांच्या सरबराईत जातो आणि तालमीला जागा शोधत मंडळी वर्षभर फिरतात.

ही वाटणी सोलापूरला नवी नाही. सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेत धार्मिक विधी आणि मान देवस्थान पंचकमिटी व मानकरी सांभाळतात. मिरवणुकीत उंच नंदीध्वज पेलणारे आधी कितीतरी दिवस सराव करतात. मिरवणुकीच्या वाटेवरचे खड्डे बुजवणे, आड येणाऱ्या फांद्या छाटणे, बंदोबस्त ठेवणे ही कामे महापालिकेची आणि पोलिसांची. यात्रेतला अक्षता सोहळा कसा व्हावा, हे कोणताही अधिकारी सांगत नाही. रंगभूमीवर याच्या जवळ जाणारे उदाहरण राज्य नाट्य स्पर्धेचे. सहा दशकांहून जुन्या या स्पर्धेत केंद्र, परीक्षक आणि बक्षिसे सांस्कृतिक कार्य संचालनालयाची; नाटक निवडणे, बसवणे संघाचे. परीक्षकांना आवडो न आवडो, दरवर्षी तारीख लागते, आणि तारीख लागते म्हणून तालीम सुरू होते. ‘नाट्य आराधना’सारख्या सोलापूरच्या हौशी संस्थेतून अतुल कुलकर्णी यांच्यासारखा नट पुढे आला, तो कुठल्या एका भव्य सोहळ्यामुळे नव्हे. अशा संस्था वर्षानुवर्षे टिकतात, म्हणून असे घडते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: ज्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही, तिथे नाटकावर खर्च कशाला? आक्षेप रास्त आहे, पण तो मांडवाला जास्त लागू पडतो. हुतात्मा स्मृती मंदिर या नाट्यगृहाची ध्वनियंत्रणा आणि प्रकाशयोजना नीट ठेवली, तर त्याचा उपयोग शाळांच्या स्नेहसंमेलनांपासून तेलुगू, कन्नड, उर्दू कार्यक्रमांपर्यंत सगळ्यांना होतो. दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे: संस्थांच्या हाती सार्वजनिक पैसा दिला की तो चार ओळखीच्या लोकांत फिरतो. ही भीती खोटी नाही, गटबाजी आपल्याकडे नाट्यगृहाइतकीच जुनी. मात्र त्यावर इलाज हिशेबाचा आहे, कार्यक्रमपत्रिका कचेरीत बसून ठरवण्याचा नाही. अनुदान कोणाला, किती आणि कशासाठी दिले, याचा तक्ता नाट्यगृहाच्या दारात लावावा. नव्या संघांसाठी काही तारखा राखून ठेवाव्यात. आणि तालमीसाठी सवलतीच्या दरात जागा द्यावी. यासाठी नवी समिती नको, महापालिकेच्या अंदाजपत्रकात एक स्वतंत्र लेखाशीर्ष पुरे. रक्कम मात्र हंगामाआधी हातात पडली पाहिजे. नेपथ्याच्या लाकडाचे पैसे सुताराला आधी द्यावे लागतात, बक्षीस समारंभानंतर नाही.