हिवाळ्यातील बदल्या आणि फुटबॉलचे घर

जानेवारी महिन्यात तिकोणा पेठेतील भाताची खाचरे रिकामी असतात. झोडणी केव्हाच आटोपलेली असते आणि उन्हे कलली की मुले चेंडू घेऊन खाचरात उतरतात. बांध ही त्यांची सीमारेषा आणि दोन दगड हा त्यांचा गोल. युरोपातील कोणता खेळाडू या महिन्यात कोणत्या क्लबातून कोठे गेला, हे या मुलांना बिनचूक ठाऊक असते. परंतु मावळला सर्वांत जवळचा असा जो व्यावसायिक संघ बालेवाडीच्या मैदानावर खेळत असे, त्याचे पुढे काय झाले, हे त्यांना विचारून पाहावे. उत्तर बहुधा मिळणार नाही. हिवाळ्यातील बदल्यांचा विचार या मौनापासून सुरू करणे योग्य होईल.

क्लबांनी खेळाडूंची देवघेव वर्षभर न करता दोनच ठरावीक मुदतींत करावी, असा दंडक २००१ साली युरोपीय आयोगाशी झालेल्या समझोत्यानंतर ‘फिफा’ या जागतिक संघटनेने घातला. एक मुदत हंगामापूर्वीची आणि दुसरी, तुलनेने लहान, हंगामाच्या मध्यावरची. या दुसऱ्या मुदतीलाच हिवाळी खिडकी म्हणतात. यामागील तत्त्व शिक्षकांना व कारकुनांना समजावून सांगण्याची गरज नाही. महाराष्ट्राच्या २००५ च्या बदल्यांविषयक कायद्यानेही सर्वसाधारण बदल्या एप्रिल-मे महिन्यांतच कराव्यात आणि मध्येच बदली करावयाची तर विशेष कारण नोंदवावे, असे म्हटले आहे. सत्राच्या मध्यावर शिक्षक हलला की वर्ग विस्कळीत होतो. संघाचेही तसेच आहे. म्हणून मधली बदली हा अपवाद असावा, धंदा नव्हे.

अपवाद म्हणून तिचा उपयोग निश्चित आहे. मुंबई सिटी संघाचे उदाहरण घ्यावे. २०२३-२४ च्या हंगामात त्याचे प्रशिक्षक मध्येच इंग्लंडला गेले आणि जानेवारी २०२४ मध्ये ग्रेग स्टुअर्ट हा प्रमुख खेळाडूही संघ सोडून गेला. क्लबाने त्याच महिन्यात याकुब वोयतुश या स्लोव्हाक आघाडीपटूला आणले. ४ मे २०२४ रोजी कोलकात्यात मोहन बागानविरुद्ध अंतिम सामना ३-१ असा जिंकताना शेवटचा गोल याच खेळाडूने केला. पोकळी निर्माण झाली, ती भरली गेली आणि संघ सावरला. अशा निर्णयाला दूरदृष्टी म्हणावयास हरकत नाही.

परंतु त्याच महिन्यात दुसऱ्या एका क्लबात जे घडले, त्याचे मूळ आपल्या पुण्यात आहे. २००७ साली स्थापन झालेला पुणे फुटबॉल क्लब २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये दुसरा आला होता. २०१५ साली त्याने वरिष्ठ संघ बंद केला. २०१४ पासून खेळणारा एफ. सी. पुणे सिटी हा संघ २०१७-१८ मध्ये इंडियन सुपर लीगच्या उपांत्य फेरीपर्यंत पोहोचला, आणि पुढच्याच वर्षी आर्थिक अडचणीत सापडून २०१९ साली त्याचे अस्तित्व संपले. त्याची लीगमधील जागा हैदराबादला गेली. खेळाडूंच्या बदलीचे नियम आपण वाचतो. येथे सबंध क्लबाचीच बदली झाली, आणि ज्या गावाने त्याला टाळ्या दिल्या होत्या त्या गावाला कोणी विचारलेही नाही.

हैदराबाद संघ २०२१-२२ मध्ये विजेता ठरला. दोनच वर्षांत त्याचे पगार थकले, माजी खेळाडूंची देणी न दिल्याबद्दल ‘फिफा’ने नवी नोंदणी करण्यास बंदी घातली, आणि जानेवारी २०२४ ची खिडकी उघडताच अनुभवी खेळाडू एकामागून एक निघून गेले. बाहेर जाण्याचा दरवाजा उघडा, आत येण्याचा बंद, अशी अवस्था झाली. उरलेल्या तरुण मुलांवर हंगाम रेटण्यात आला आणि २२ सामन्यांत त्यांना एकच विजय मिळाला. २०२५ साली तीच जागा दिल्लीस गेली. सहा वर्षांत तीन शहरे! एखाद्या बिगारी कामगाराचेही बिऱ्हाड इतक्या वेळा हलू नये.

जे खेळाडू गेले त्यांना दोष देणे अन्यायाचे होईल. दोन महिन्यांचा पगार थकला आणि पंधरा दिवसांची लेखी सूचना देऊनही मिळाला नाही, तर करार मोडण्याचा अधिकार नियमानेच खेळाडूला आहे. खेळाडूची कारकीर्द दहा-बारा वर्षांची. रिकाम्या तिजोरीशी निष्ठा ठेवून त्याचे घर चालत नाही. दोष आहे तो ताळेबंद न पाहता क्लब चालविणाऱ्यांचा आणि तो न तपासणाऱ्या व्यवस्थेचा. हिवाळी खिडकी हा रोग नव्हे. ती केवळ रोग उघड करते.

मग यापेक्षा वेगळे काही शक्य आहे काय? कोल्हापूरकडे पाहावे. तेथेही हिवाळ्यात, हंगामाच्या तोंडावर, खेळाडूंची नोंदणी होते. या तालमीचा खेळाडू त्या तालमीत जातो आणि त्यावर पेठापेठांतून वाद झडतात. तेथेही पैसा शिरला आहे, बाहेरचे व परदेशी खेळाडूही येतात. तो काही आदर्श रामराज्याचा नमुना नव्हे. परंतु पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल या तालमी जागच्या हलत नाहीत. खेळाडू गेला तरी घर राहते, आणि लहान मुलाला कोठे जाऊन उभे राहावयाचे हे ठाऊक असते. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचाच, हा योगायोग मानण्याचे कारण नाही.

तिकोणा पेठेच्या मुलांचा संबंध येथे येतो. आंतरराष्ट्रीय बदलीच्या रकमेतील ५ टक्के वाटा खेळाडूला १२ ते २३ या वयात घडविणाऱ्या क्लबांना द्यावा, असा ‘फिफा’चा नियम आहे. बदली एक कोटीची असेल, तर १२ ते १५ या चार वर्षांत त्याला शिकविणाऱ्या क्लबाला एक लाख रुपये मिळतात. खेड्यातील मैदानाला कुंपण घालण्यास ही रक्कम पुरेशी आहे. परंतु ती मिळते नोंदलेल्या क्लबाला. खाचरात शिकविणाऱ्या मास्तरांना नव्हे. देशांतर्गत साध्या बदलीला तर तो नियम लागूच नाही.

तेव्हा मागण्या तीन आहेत. पगाराची थकबाकी चुकती केल्याचा दाखला दिल्याखेरीज कोणत्याही क्लबाला जानेवारीत नवा खेळाडू घेऊ देऊ नये. देशांतर्गत बदलीतही घडविणाऱ्याचा वाटा असावा, आणि त्यासाठी तालुक्यातील शाळांच्या संघांची नोंद राज्य व जिल्हा संघटनांनी स्वतः गावात येऊन करावी. तिसरे, क्लबाची जागा दुसऱ्या शहरात न्यावयाची असेल, तर मूळ गावातील मुलांच्या प्रशिक्षणाची जबाबदारी काही वर्षे तरी नव्या मालकाने उचलावी.

पेठ म्हणजे बाजार, हे या गावाला कोणी सांगावयास नको. गडाच्या पायथ्याशी वसलेल्या या वस्तीने ते नावातच जपले आहे. बाजाराला कोणाचा विरोध असण्याचे कारण नाही. पण बाजार उठला की माणसे घरी जातात. फुटबॉलच्या बाजाराने आपल्या मुलांसाठी असे घर मागे ठेवले आहे की नाही, हा प्रश्न दर जानेवारीत विचारला गेला पाहिजे.