आतड्यांचा दाह शमवताना क्षयाचा विसर नको

महिनोन् महिने जुलाब, शौचावाटे रक्त, पोटदुखी, घटते वजन. ‘क्रोन्स’ आणि ‘अल्सरेटिव्ह कोलायटिस’ हे आतड्यांच्या दाहाचे आजार भारतात आता पूर्वीपेक्षा जास्त आढळतात. त्यांवरची महागडी औषधेही थोडी आवाक्यात येत आहेत. ‘ॲडालिमुमॅब’ या इंजेक्शनची मूळ औषधाशी मिळतीजुळती, स्वस्त आवृत्ती २०१४ मध्ये जगात प्रथम भारतातच बाजारात आली. ही बातमी चांगलीच. पण औषधाबरोबर येणारी सावधगिरीही तितकीच पोहोचायला हवी.

जंतू शिरला की पांढऱ्या पेशी ‘सायटोकाइन’ नावाची प्रथिने सोडून इतर पेशींना मदतीला बोलावतात. धोका टळला की ही हाक थांबते. या आजारांत ती थांबतच नाही आणि आतड्याच्या अस्तराला जखमा होत राहतात. ‘टीएनएफ-अल्फा’ हे त्यांतले प्रमुख सायटोकाइन. त्याला अडवणारे ‘इन्फ्लिक्सिमॅब’ १९९८ मध्ये अमेरिकेत क्रोन्ससाठी मंजूर झाले आणि उपचारांची दिशाच बदलली.

मात्र दाह वाढवणारे प्रत्येक सायटोकाइन शत्रू नसते. ‘इंटरल्यूकिन-१७’ अडवणारे औषध क्रोन्सच्या रुग्णांना देऊन पाहिले, तेव्हा फायदा तर झाला नाहीच, उलट काहींचा आजार बळावला. २०१२ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

टीएनएफचेही तसेच. शरीरात सुप्त असलेल्या क्षयजंतूंभोवती पेशींची जी तटबंदी असते, ती टिकवण्याचे काम हेच प्रथिन करते. ते अडवले की तटबंदी ढासळू शकते. जगातील सुमारे एक चतुर्थांश क्षयरुग्ण असलेल्या आपल्या देशात हा धोका किरकोळ नाही. त्यात आतड्याचा क्षय आणि क्रोन्स दुर्बिणीतून सारखेच दिसू शकतात. क्षयालाच क्रोन्स समजून ही इंजेक्शने दिली, तर आजार अंगभर पसरू शकतो.

म्हणून पहिल्या इंजेक्शनआधी छातीचा एक्स-रे आणि सुप्त क्षयाची चाचणी हवीच. सुप्त क्षय आढळल्यास आधी प्रतिबंधक गोळ्या सुरू कराव्यात. चाचणी निर्दोष आली, तरी नंतरचा ताप, खोकला किंवा घटते वजन अंगावर काढू नये. २०२१ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत या रुग्णांचा समावेश आहे. आता पोटविकार विभाग आणि क्षयरोग केंद्र यांच्यातले अंतर मिटायला हवे. औषध स्वस्त झाले, म्हणून तपासणी गाळून चालणार नाही.