अनुताप आणि बाप्तिस्मा

मनापासून पश्चात्ताप झाला म्हणजे पाप गेलें. मग वर आणखी पाण्याचें प्रयोजन काय? ख्रिस्ती धर्माविषयीं बोलणें निघालें कीं आपल्या घरांतून हा प्रश्न हटकून येतो. खुद्द ख्रिस्ती लोकांतहि त्याचा निकाल एकमतानें लागलेला नाहीं. ‘प्रेषितांचीं कृत्यें’ या ग्रंथांत पेत्र पश्चात्ताप व बाप्तिस्मा या दोहोंची आज्ञा एकाच श्वासांत करतो. उलट लूकच्या शुभवर्तमानांत येशूच्या शेजारीं क्रुसावर खिळलेल्या चोरास पाण्याचा थेंबहि न लागतां स्वर्गलोकाचें आश्वासन मिळतें.

बाप्तिस्मा जन्मांत एकदांच, आणि त्यानें मागील सर्व पापें धुतलीं जातात. या समजुतींतून चौथ्या शतकांत एक विलक्षण हिशेब उत्पन्न झाला. मग तो होईल तितका लांबणीवर कां टाकूं नये? बादशहा कॉन्स्टंटाइन यानें तो इ. स. ३३७ मध्यें अखेरच्या दुखण्यांत घेतला. संत ऑगस्टिन लहानपणीं पोटाच्या विकारानें अत्यवस्थ झाला, तेव्हां त्याची आई मोनिका हिनें संस्काराची तयारी केली. पण पोर बरें होतांच बेत रहित! बाप्तिस्म्यानंतर घडलेलें पाप अधिक जड, ही भीति. पुढें आत्मनिवेदनांत त्यानें या दिरंगाईबद्दल खंत व्यक्त केली आहे, व ती आम्हांस रास्त वाटते. आईच्या मायेनें त्यास पाप करण्याची सवडच मिळाली. बाप्तिस्म्यानंतरच्या पापांसाठीं धर्मगुरूपुढें पापनिवेदन करण्याची चाल रूढ झाली. १२१५ मध्यें रोमन चर्चनें तें वर्षांतून एकदां तरी आवश्यक ठरविलें.

ऑगस्टिनचें मन ३८६ सालीं मिलान येथें पालटलें. बाप्तिस्मा झाला ३८७ च्या ईस्टरला, बिशप अँब्रोझच्या हातून. मधल्या महिन्यांत तो पापी कीं मुक्त? याच अँब्रोझनें ३९२ मध्यें बाप्तिस्म्यावांचून मरण पावलेल्या तरुण बादशहा व्हॅलेंटिनियनविषयीं सांगितलें कीं, त्याची इच्छा व्यर्थ गेली नाहीं. बाप्टिस्ट पंथ तर पाण्यास आधींच झालेल्या पालटाची साक्ष मानतो, व म्हणून तान्ह्या मुलांस बाप्तिस्मा देत नाहीं.

आपल्या समाजानें मात्र सारें महत्त्व पाण्यासच दिलें. कवि ना. वा. टिळक यांचें मन ख्रिस्ताकडे आधींच वळलें होतें. तेवढ्यानें घर मोडलें नाहीं. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस बाप्तिस्मा झाला, आणि लक्ष्मीबाई माहेरच्या माणसांत दूर राहिल्या. त्या पुन्हां पतीकडे आल्या, पण लगेच ख्रिस्ती झाल्या नाहींत. त्यांनीं बाप्तिस्मा घेतला तो १९०० सालीं, स्वतःच्या मनाची खात्री पटल्यावर.