हडळीला नाव नसतं

एक लेखक मरतो. त्याचं हस्तलिखित दुसऱ्याच्या हाती लागतं. तो ते स्वतःच्या नावावर छापतो, हारतुरे घेतो, आणि मग मेलेला लेखक भूत होऊन येतो व एकेकाचा हिशेब चुकता करतो. अशी गोष्ट पडद्यावर आली की प्रेक्षक आधी दचकतात आणि मग पोट धरून हसतात. आमची हसायला हरकत नाही. स्त्रीमुक्तीवाल्या बायकांना हसता येत नाही हा आरोप जुना आहे आणि खोटाही. आमचा प्रश्न वेगळा आहे. ज्यांचे शब्द पिढ्यानपिढ्या दुसऱ्यांच्या नावावर किंवा कोणाच्याच नावावर न लागता वापरले गेले, त्या बायकांपैकी एकीलाही वाङ्मयचौर्याचा जाब विचारणारं भूत व्हावंसं का वाटलं नाही?

याचं उत्तर आपल्या भुतांच्या यादीत आहे. कोकणातल्या कुठल्याही म्हाताऱ्या माणसाला विचारा, यादी तोंडपाठ असते. बाळंतपणात किंवा गरोदरपणी मेली ती अळवंतीण. बाळंतिणीच्या दहा दिवसांत गेली ती हडळ. नवरा जिवंत असताना, इच्छा मागे ठेवून गेली ती जखीण. विधवा मेली ती लावसट. गावागणिक अर्थ थोडे इकडेतिकडे होतात, पण कसोटी बदलत नाही. बाई कुठलं भूत होणार हे तिचं गर्भाशय आणि तिचं कुंकू ठरवतं. मेल्यावरही तिची ओळख तीच.

पुरुषांची यादी मात्र पाहा. त्यात ब्रह्मराक्षस आहे. विद्या असूनही ती कोणाला दिली नाही, विद्येचा गर्व केला, असा विद्वान ब्राह्मण मेल्यावर ब्रह्मराक्षस होतो, असं सांगतात. मराठी घरात जन्मलेले हिंदी कवी गजानन माधव मुक्तिबोध यांनी याच नावाची कविता लिहिली आणि ती गाजली. म्हणजे ज्ञान अडकून राहिलं म्हणून तळमळत फिरण्याची सोय आपल्या लोकसमजुतीने केलेली आहे, पण ती पुरुषासाठी, आणि तीही एकाच जातीच्या. बाईचं ज्ञान अडकलं, चोरलं गेलं, जाळलं गेलं, तरी त्यातून भूत तयार होत नाही. कारण तिच्याजवळ ज्ञान होतं हेच कोणाला मान्य नाही. वेताळाच्या दरबारातही आरक्षण आधीपासूनच आहे, फक्त ते वरच्यांचं आहे!

सिनेमाने हीच यादी पुढे चालवली. १९९३ च्या 'झपाटलेला'मधला तात्या विंचू हा गुंड. त्याचा आत्मा बाहुल्यात शिरला, आणि तीस वर्षं उलटून गेली तरी पोराटोरांना त्याचं नाव पाठ आहे. उलट २०१८ सालचा हिंदी 'स्त्री' पाहा. भुताचा विनोदी सिनेमा, तुफान चालला, २०२४ मध्ये त्याचा दुसरा भागही आला. त्यात रात्री पुरुषांना उचलून नेणारी बाई आहे. तिच्यावर अन्याय झालेला आहे, ती सूड घेते, सगळं गाव तिला घाबरतं. पण तिला नाव नाही. ती नुसती 'स्त्री'. पुरुषांना एकट्याने रस्त्यावर जायची भीती वाटते, हा त्यातला विनोद आम्हांलाही आवडला. खोटं का बोला? तरी विचारावंसं वाटतं की भिंतीभिंतीवर 'उद्या ये' असं जिच्यासाठी लिहून ठेवलं, तिचं नाव लिहायला चुना कमी पडला का?

त्या मानाने अपर्णा सेन यांचा २०१३ चा बंगाली 'गोयनार बाक्शो' बरा. त्यातली बालविधवा आत्याबाई मरते आणि भूत होऊन आपल्या दागिन्यांच्या पेटीवर पहारा देते. तिला नाव आहे, जीभ आहे, आणि घरातल्या सुनेशी तिची गट्टी जमते. हे भूत मालमत्तेचं आहे. सोनं चोरीला जाऊ शकतं हे घराला मान्य असतं. शब्दांच्या बाबतीत तेवढीही मान्यता नाही.

सूडाच्या गोष्टीची आणखी एक खोट आहे. तिथे चोर एक असतो. त्याचा गळा आवळला की प्रश्न मिटला आणि दिवे लागले. प्रत्यक्षात बायकांचे शब्द चोरणारा असा एकटादुकटा खलनायक सापडत नाही. चोरी सभ्यपणे होते, 'आपल्याच घरातलं आहे' म्हणून होते. रीत चोरी करत असते, आणि रीतीला गळाच नसतो. शिवाय या गोष्टीत पुरावा कोण देतं? भूत देतं. बाईची साक्ष ती जिवंत असेतो कोणी धरायची नाही आणि मेल्यावर मात्र थरथरत ऐकायची, हा कुठला न्याय? इकडे जिवंत बाई मोठ्याने बोलली की तिच्या अंगात आलं, तिला बाहेरचं लागलं म्हणायला गाव तयार असतं. बाईला चेटकीण ठरवून मारहाण होते, म्हणून २०१३ साली महाराष्ट्राला जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला.

कायद्याचा विषय निघालाच आहे तर एक गंमत सांगायला हवी. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात ५७ वे कलम आहे. हक्क विकून टाकले तरी 'ही कृती माझी आहे' असं म्हणण्याचा लेखकाचा अधिकार त्याने राखला, आणि कृतीची मोडतोड झाली तर दाद मागण्याचाही. मन्नू भंडारी यांनी 'आपका बंटी' या कादंबरीवरच्या सिनेमाबद्दल हेच कलम घेऊन लढा दिला. १९८६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने लेखकाचा हा हक्क पैशाच्या व्यवहारापलीकडचा मानला. पण याच कलमात एक मेख होती. लेखक मेल्यावर त्याचे वारस मोडतोडीबद्दल भांडू शकत, मात्र 'हे तिने लिहिलं होतं' असा दावा या कलमाखाली करू शकत नसत. तेवढा अधिकार वगळलेला होता. २०१२ च्या दुरुस्तीने ती वगळणूक काढली. म्हणजे ५५ वर्षं मेलेल्या बाईच्या वतीने कर्तेपणाचा हा दावा करायचा तर तिचं भूतच यायला हवं होतं! सिनेमावाले कल्पनाशक्तीचे म्हणून मिरवतात, पण कायदा करणारे त्यांच्या पुढे होते.

आता चोरीकडे येऊ. साने गुरुजींनी १९४० मध्ये 'स्त्रीजीवन'मध्ये बायकांच्या ओव्या मायेने गोळा केल्या. त्यांची कळकळ खोटी नव्हती. तरी पुस्तकावर नाव राहिलं संग्राहकाचं. ज्यांनी पहाटे जात्यावर बसून त्या रचल्या, त्या 'स्त्रिया' या एकाच शब्दात गेल्या. पुढे हीच रीत झाली. 'लोकगीत', 'पारंपरिक' हे शब्द म्हणजे बेवारस मालाची पावती. चालीवर संगीतकाराचं नाव, शब्दांवर कोणाचंच नाही, आणि थोडा फेरफार केला की नव्या कवीचं.

याहून वेगळं करता येतं, हे दाखवून झालेलं आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सोबतच्या कार्यकर्त्यांबरोबर खेड्यापाड्यांत फिरून एक लाखाहून जास्त ओव्या टिपल्या. हजाराहून अधिक गावं, तीन हजारांहून अधिक बायका, आणि ओवीबरोबर गाणारीचं नाव आणि गाव. तेव्हा 'एवढ्या बायकांची नावं कुठे लिहीत बसायचं' ही सबब कृपया कोणी सांगू नये. चळवळीतल्यांनीही नाही. मोर्च्यातली गाणी, पथनाट्यांतले संवाद, पाहणी अहवालातली बोललेली वाक्यं, यांच्या पुस्तिका उघडून पाहा. 'संकलन' म्हणून शहरातल्या शिकलेल्या मैत्रिणीचं नाव आणि आत 'एका शेतमजूर बाईने सांगितले'. बलात्काराची किंवा मारहाणीची हकीकत असेल तर नाव झाकणं आपलं कर्तव्य आहे. पण गाणं रचणाऱ्या बाईचं नाव कोणापासून लपवायचं?

नाव पुसण्याची ही रीत कागदावरच चालते असं नाही. अमेरिकेत मार्गारेट कीन नावाची चित्रकर्ती होती. ती मोठ्या डोळ्यांच्या मुलांची चित्रं काढी आणि नवरा ती स्वतःची म्हणून विके. प्रकरण कोर्टात गेलं. १९८६ मध्ये न्यायाधीशांनी दोघांनाही तिथेच चित्र काढायला सांगितलं. नवऱ्याचा खांदा नेमका त्याच दिवशी दुखायला लागला. तिने ५३ मिनिटांत चित्र पुरं केलं.

डोळ्यांचं काम म्हटलं की आम्हांला पेण तालुक्यातलं हमरापूर आठवतं. हमरापूर, जोहे आणि आसपासच्या गावांत घराघरांतून गणपतीचे कारखाने आहेत. गणेशोत्सव दहा दिवसांचा, इथलं काम जवळजवळ वर्षभराचं. साच्यातून काढलेली कच्ची मूर्ती घासायची, भेगा भरायच्या, पांढरा हात द्यायचा, अंगाचा रंग, पितांबर, दागिने आणि शेवटी डोळ्यांची आखणी. यांतली कितीतरी कामं बायकांच्या हातून होतात, कधी रोजावर, कधी 'घरचंच' म्हणून बिनमोल. चुलीवरचं आधण उतरवून ब्रश हातात आणि ब्रश ठेवून पुन्हा चूल. मूर्ती मुंबईला जाते, परदेशात जाते. कारखान्याच्या पाटीवर बहुधा देवाचं नाव असतं, नाहीतर घरातल्या पुरुषाचं. अपवाद असतील, असावेत. पण मूर्तिकार म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर कोण येतं, हे स्वतःलाच विचारून पाहा.

साच्यातल्या मूर्तीचं रंगकाम ही कायद्याने स्वतंत्र कृती ठरते का, यावर वकिलांनी खुशाल वाद घालावा. नोकरीच्या करारात केलेल्या कृतीची पहिली मालकी, वेगळं ठरलं नसेल तर, मालकाची असते हेही खरं. पण नवऱ्याच्या कारखान्यात राबणाऱ्या बायकोशी नोकरीचा करार कोणी केलाय? ती नोकर नाही म्हणून तिला पगार नाही, आणि ती कारागीर नाही म्हणून तिला नाव नाही. मग ती आहे तरी कोण? इथे भुतासारखी ती वावरते. कामात हात दिसतो, हिशेबात दिसत नाही.

सरकारनेही यात भर घातली आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पी. एम. विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसाय आहेत आणि मूर्तिकारही त्यांत आहेत. ओळखपत्र, प्रशिक्षण, हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत, आणि दोन हप्त्यांत एकूण ३ लाखांपर्यंत ५ टक्के व्याजाने कर्ज. अट अशी की कुटुंबातल्या एकाच माणसाला लाभ. नवरा, बायको आणि अविवाहित मुलं म्हणजे कुटुंब. आता हमरापुरातल्या कुठल्याही घरात अर्ज भरायला बसा आणि त्या एका रकान्यात कोणाचं नाव जाईल ते सांगा. दोघं मिळून मूर्ती घडवतात, तर दोघांना कारागीर म्हणायला सरकारचं काय जातं? कर्ज घराला एकच द्या हवं तर, ओळखपत्रं दोन द्या. ही मागणी पेण आणि रोह्याच्या महिला मंडळांनी, बचत गटांनी ग्रामसभेत ठरावाने मांडावी. ठरावाखाली सह्या करताना 'सौ.' नंतर नवऱ्याचं नाव लिहायचं की आपलं आणि आपल्या कामाचं, हेही त्याच बैठकीत बोलून घ्यावं.

मंडळांकडून छापायला ओव्या, गाणी आणि भोंडल्याची पदं येतात. त्यांच्याबरोबर रचणारीचं नाव, गाव, आणि तिने ते कोणाकडून ऐकलं असेल तर त्या बाईचंही नाव लिहून पाठवा. माहीत नसेल तर तिच्या लेकीसुनांना विचारा. बहुतेक वेळा त्यांना माहीत असतं.