शस्त्राचा भरवसा

दसऱ्याला पोलीस ठाण्यांतून शस्त्रांची पूजा होते. पिस्तुलांना गंधफूल वाहिले जाते आणि दुसऱ्या दिवशी ती पुन्हा कमरेला लागतात. बोरघाटाच्या पायथ्याशी असलेल्या खोपोलीसारख्या गावी हेच पिस्तूल फौजदाराला चार महिने मुसळधार पावसात आणि धुक्यात वागवावे लागते. चामड्याची खोळ ओल धरते, पोलादाला गंज चढतो. प्रसंगी ते चालेल काय, हा प्रश्न त्याच्या प्राणाचा आणि आपल्या रक्षणाचा आहे.

आपल्याकडे मात्र या प्रश्नाची चर्चा कारखान्यांच्या नावांवरून होते. इशापूरच्या सरकारी कारखान्याचे नऊ मिलिमीटरचे पिस्तूल बरे की ऑस्ट्रियाचे ग्लॉक, यावर हिरिरीने मते दिली जातात. वस्तुतः इशापूरचे पिस्तूल १९३५ सालच्या ब्राउनिंग पिस्तुलावरून घडविलेले, ग्लॉकचा सांगाडा पॉलिमरचा. परंतु दोहोंची रीत एकच. गोळी सुटली की धक्क्याने वरची स्लाइड मागे जाते, रिकामी पुंगळी बाहेर फेकते आणि परतताना नवे काडतूस नळीत ढकलते. मॅगझिनची स्प्रिंग ढिली पडली, काडतूस कमजोर निघाले, आत मळ साचला, किंबहुना धरणाऱ्याचा पंजा सैल राहिला, तरी ही साखळी तुटते. नामांकित शिक्का यांपैकी एकाही दोषापासून अभय देत नाही.

चांगली घडण आणि कच्ची घडण यांत अंतर असते, हे आम्ही नाकारीत नाही. पण ते कीर्तीवरून नव्हे, कसोटीवरून ठरले पाहिजे. २०१७ साली अमेरिकी सैन्याने सिग सावर कंपनीच्या पी-३२० जातीचे पिस्तूल निवडले. त्याच वर्षी त्या जातीचे नागरी पिस्तूल खाली पडल्यास गोळी सुटू शकते असे उघड झाले आणि कंपनीला सुधारणा देऊ करावी लागली. एवढ्या मोठ्या परीक्षेत पहिला आलेला विद्यार्थीही पुन्हा तपासावा लागतो, हा त्यातील बोध.

आपला धडा याहून कठोर आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे लाठीनिशी पुढे झाले. त्यानंतर नेमलेल्या राम प्रधान समितीने दारूगोळ्याची टंचाई आणि नेमबाजीच्या सरावाचा अभाव यांवर बोट ठेवले. पुढे परदेशी शस्त्रे आली. त्यांच्या खरेदीची वार्ता झाली, सरावाची तितकी झाली नाही.

खोपोलीहून घाट चढून गेले की पुणे लागते. तेथे पाषाणला शस्त्रास्त्र संशोधन संस्था आहे. ‘अस्मी’ हे २०२१ साली पुढे आलेले मशीन पिस्तूल महूच्या पायदळ विद्यालयाने तिच्याच साहाय्याने घडविले. खडकीला १८६९ पासूनचा दारूगोळा कारखाना आहे. कसोटीचे सामर्थ्य इतके जवळ असता विक्रेत्याच्या माहितीपत्रकावर विसंबण्याचे कारण काय? पोलिसांसाठी घ्यावयाचे प्रत्येक पिस्तूल आपल्याच पावसात, आपल्याच काडतुसांनी तपासावे; किती गोळ्यांमागे ते एकदा अडते, हे जनतेला सांगावे. प्रत्येक शस्त्रधारी अधिकाऱ्याच्या सरावाची काडतुसे अंदाजपत्रकात निराळी राखावीत, आणि जुन्या स्प्रिंगा मुदतीत बदलाव्यात.

पूजा वर्षातून एकदा होते, ती होवो. तेल आणि फडके मात्र रोज लागते. शस्त्राचा भरवसा त्यावरच उभा राहतो.